लसीमुळे झालेल्या इजेची नुकसानभरपाई

लसीमुळे कायमची इजा झाली किंवा मृत्यू ओढवला असा दावा करून त्याबद्दल भरपाई मागण्याची कायदेशीर प्रक्रिया. जगातील वीसहून अधिक देशांत यासाठी स्वतंत्र योजना आहेत. १९८८ पासून चालत आलेली अमेरिकेची राष्ट्रीय लस-इजा भरपाई योजना त्यांत सर्वांत तपशीलवार आखलेली असून प्रस्तुत नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

औषध आजारी माणूस घेतो, लस मात्र निरोगी मुलाला टोचली जाते. ती त्या मुलासाठी असते, तशीच शेजारच्या घरातील तान्ह्या बाळासाठीही असते. लाखो डोसांमागे एखाद्याला गंभीर त्रास होतो आणि त्यात बहुतेकदा कोणाचाही हलगर्जीपणा नसतो. नेहमीच्या दिवाणी दाव्यात पहिला प्रश्न ‘चूक कोणाची?’ हा असतो. चूक कोणाचीच नसेल, तर सर्वांच्या भल्यासाठी टोचून घेतलेल्या सुईचा भार एकट्या कुटुंबावर पडतो. हा अन्याय आहे, हे पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९५३ मध्ये देवीच्या सक्तीच्या लसीकरणाबाबत मान्य केले आणि १९६१ मध्ये तेथे तसा कायदाही झाला. चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या या भरपाईला ‘विनादोष भरपाई’ म्हणतात.

अमेरिका या वाटेवर उशिरा आली. एप्रिल १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील कटर या कंपनीने बनवलेल्या पोलिओ लसीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेला. सुमारे ४० हजार मुलांना सौम्य पोलिओ झाला, दोनशेच्या आसपास जणांना लकवा आला आणि १० जण दगावले. पुढे चाललेल्या खटल्यात ज्युरीने कंपनीचा हलगर्जीपणा नसल्याचे म्हटले, पण विकलेला माल निर्धोक असल्याची गर्भित हमी मोडली म्हणून तिला भरपाई द्यायला लावली. लस बनवणाऱ्यांवर दावे लावण्याचा रस्ता तेथून मोकळा झाला.

१९८० नंतर हे दावे मुख्यतः घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील त्रिगुणी लसीवर येऊ लागले. या लसीतील डांग्या खोकल्याच्या घटकात त्या वेळी जंतूच्या संपूर्ण मृत पेशी वापरत. त्याने ताप आणि तापातील झटके येत, हे खरे होते. मेंदूला कायमची इजाही त्यानेच होते, असा अनेक पालकांचा आरोप होता. दाव्यांच्या धास्तीने काही कंपन्यांनी लस बनवणे थांबवले, किमती चढल्या, आणि १९८४ च्या अखेरीस तुटवडा इतका झाला की मोठ्या मुलांचे बूस्टर डोस पुढे ढकलण्याचा सल्ला सरकारी रोग नियंत्रण केंद्राला द्यावा लागला. डांग्या खोकला तान्ह्या बाळांचा जीव घेतो, त्यामुळे हा तुटवडा साधा नव्हता. दुसरीकडे इजा झालेल्या मुलांच्या पालकांना वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या करूनही बहुधा रिकाम्या हाती परतावे लागे. पालकांच्या संघटना, बालरोगतज्ज्ञ आणि कंपन्या या तिघांनाही बदल हवा होता. त्यातून राष्ट्रीय बाल-लस इजा कायदा तयार झाला आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली.

या कायद्यानुसार कंपनीवर थेट दावा लावता येत नाही; आधी योजनेकडे यावे लागते. लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट अबकारी कर असतो. म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीवर सव्वादोन डॉलर. हा कर एका विश्वस्त निधीत जमा होतो आणि भरपाई त्यातून दिली जाते. अर्ज वॉशिंग्टनच्या संघराज्य दावे न्यायालयात करायचा. तेथे ज्युरी नसते. ‘स्पेशल मास्टर’ म्हटले जाणारे खास न्यायिक अधिकारी निवाडा करतात. प्रतिवादी कंपनी नसून अमेरिकेचे आरोग्यमंत्री असतात. सरकारी डॉक्टर कागदपत्रे तपासतात आणि न्याय खात्याचे वकील बाजू मांडतात.

दावेदाराला दोन वाटा आहेत. पहिली ‘इजा-तक्त्या’ची. या तक्त्यात प्रत्येक लसीपुढे मान्य इजा आणि ती दिसण्याची मुदत लिहिलेली असते. उदाहरणार्थ, तीव्र ॲलर्जीचा झटका चार तासांत, किंवा फ्लूच्या लसीनंतर ३ ते ४२ दिवसांत सुरू झालेला गिलाँ-बारे सिंड्रोम, ज्यात हातापायांतील ताकद जाते. इजा आणि मुदत जुळली की कारण लसच आहे असे गृहीत धरले जाते. ते खोडायचे काम सरकारचे. दुसरी वाट तक्त्याबाहेरची असून ती चढणीची आहे. तेथे लस हेच कारण असल्याचे दावेदाराने दाखवायचे असते. त्यासाठी २००५ च्या ‘ऑल्थेन’ निकालाने तीन कसोट्या घालून दिल्या: पटेल असा वैद्यकीय सिद्धांत, लसीपासून इजेपर्यंतची तर्कशुद्ध साखळी आणि दोहोंमधले योग्य कालांतर. शंभर टक्के खात्री लागत नाही; पारडे निम्म्याहून थोडे जास्त झुकले तरी पुरते.

मुदतीही कडक आहेत. पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो. मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून दोन आणि पहिल्या लक्षणापासून चार वर्षांत. त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, किंवा त्यापायी रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया झालेली हवी. नागरिकत्वाची अट नाही, लस अमेरिकेत घेतलेली असली की झाले. त्यामुळे शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही ही दाद मागता येते, पण बऱ्याच जणांना योजनाच माहीत नसते आणि मुदत टळून जाते. वकिलाचे शुल्क निधीतूनच मिळते. दावा हरला तरी तो प्रामाणिक आणि साधार असेल तर ते मिळू शकते. दावेदाराकडून वेगळे पैसे घेण्याची वकिलाला मुभा नाही. योजनेचा हा भाग सर्वांत माणुसकीचा म्हणावा लागेल. उलट वेदना आणि मानसिक त्रासासाठी कमाल २ लाख ५० हजार डॉलर आणि मृत्यूसाठी तितकीच रक्कम ही मर्यादा १९८६ मध्ये ठरली आणि पुढची कित्येक दशके तशीच राहिली. महागाई इतकी वाढूनही ती न हलणे समर्थनीय नाही. उपचार, देखभाल आणि बुडालेल्या कमाईचा हिशेब वेगळा होतो, म्हणून गंभीर प्रकरणांत एकूण रक्कम बरीच मोठी असू शकते.

योजनेने आजवर ५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली आहे. हा आकडा लसींच्या धोक्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, तेव्हा दोन गोष्टी सुटतात. भरपाई मिळालेल्या प्रकरणांपैकी सुमारे ६० टक्के तडजोडीने मिटलेली आहेत, आणि त्यांत लसच कारणीभूत असल्याचा निष्कर्ष सरकारने काढलेला नसतो. शिवाय अलीकडच्या दाव्यांपैकी निम्म्याहून अधिक खांद्याच्या इजेचे आहेत. सुई दंडावर फार वर टोचली गेली तर लस स्नायूत न जाता सांध्याजवळच्या पिशवीत जाते, खांदा आखडतो आणि महिनोन्‌महिने हात वर होत नाही. हा दोष लसीचा कमी आणि टोचण्याच्या जागेचा जास्त. २०१७ मध्ये ही इजा तक्त्यात आली. टोचणाऱ्याचे नीट प्रशिक्षण झाले तर यांतले बरेच दावे उद्भवणारच नाहीत.

डांग्या खोकल्याच्या लसीचे काय झाले? २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या पुढाकाराने एक लहान पण मोलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मेंदूचा आजार लसीमुळे झाल्याचे मानले जात होते अशा १४ रुग्णांची जनुके तपासली असता ११ जणांत एससीएन१ए या जनुकात बिघाड सापडला. तो ड्रावे सिंड्रोम या अपस्माराच्या जन्मजात प्रकारात आढळतो. लसीनंतरच्या तापाने अशा मुलाचा पहिला झटका लवकर येऊ शकतो, पण आजार आधीपासूनच त्याच्या जनुकांत असतो. यानंतर अशा मुलांचे दावे फेटाळले जाऊ लागले. पालकांनी डोळ्यांनी पाहिलेले खोटे नव्हते: काल बरे असलेले मूल आज लसीनंतर झटके देत होते. आधी लस, मग आजार, हा क्रम खरा असूनही कारण दुसरेच असू शकते.

ऑटिझमचा प्रश्न याच न्यायालयात एकत्रितपणे तपासला गेला. पाच हजारांहून अधिक दावे २००२ पासून एका छत्राखाली आणून त्यांतील नमुना प्रकरणे चालवली गेली. २००९ आणि २०१० च्या निकालांत लस आणि ऑटिझमचा संबंध सिद्ध होत नसल्याचे स्पष्ट म्हटले गेले. अशी शंका पेरणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधील लेखही २०१० मध्ये मागे घेण्यात आला.

योजनेचा निवाडा नाकारून दिवाणी न्यायालयात जाता येते. मात्र २०११ मध्ये ‘ब्रूसेविट्झ विरुद्ध वायथ’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी ठरवले की लसीच्या रचनेतच दोष असल्याचा दावा कंपनीवर लावता येणार नाही. सुधारित, जास्त सुरक्षित लस आणण्याचा कंपन्यांवरील दबाव यामुळे कमी होईल, अशी भीती न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी भिन्नमतात मांडली. ती आजही विचार करण्याजोगी आहे.

कोविडच्या लसी या योजनेत न घेता साथकाळातील उपायांसाठीच्या वेगळ्या योजनेत टाकण्यात आल्या. तिथे अर्जाची मुदत एकच वर्ष, न्यायालय नाही, वकिलाचा खर्च मिळत नाही, आणि मंजूर दावे अगदी थोडे. ब्रिटनमध्ये १९७९ पासून ठरावीक रकमेची योजना आहे. आरंभी १० हजार पौंड असलेली ही रक्कम पुढे १ लाख २० हजार पौंडांवर गेली. पण अपंगत्व किमान ६० टक्के असेल तरच ती मिळते. ५९ टक्क्यांच्या माणसाला काहीच नाही.

भारतात औषध-चाचणीत इजा झाल्यास भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. नेहमीच्या लसीकरणासाठी तशी योजना कोविडच्या लसी आल्या तेव्हा नव्हती. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची नोंद आणि कारणमीमांसा सरकारी समित्या करतात, पण त्यांचा निष्कर्ष म्हणजे भरपाईचा आदेश नव्हे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांना आणि खासगी डॉक्टरांनाही अशा घटनांची माहिती सरकारी यंत्रणेला थेट कळवता यावी, असे निर्देश दिले. त्याच वर्षी दोन मृत तरुणींच्या पालकांच्या याचिकेवर केंद्राने प्रतिज्ञापत्रात म्हटले की लसी इतरांनी बनवलेल्या असल्याने सरकार त्यांच्या दुष्परिणामांना थेट जबाबदार धरले जाऊ शकत नाही आणि पीडितांना दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. म्हणजे ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न पुन्हा पालकांनाच सोडवायचा होता.