खोक्यावरून कॅप्सूलवर: गेमच्या मुखचित्राचा प्रवास

स्टीम या संगणक-गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम विक्रीला ठेवायचा तर स्वतंत्र डेव्हलपरला मुखचित्रांचा आख्खा संच द्यावा लागतो. दुकानातल्या याद्यांमध्ये दिसणाऱ्या या चित्रांना कॅप्सूल म्हणतात. हेडर (गेमच्या पानाच्या माथ्यावरचं चित्र) ९२० × ४३० पिक्सेल, छोटं कॅप्सूल ४६२ × १७४, मुख्य कॅप्सूल १२३२ × ७०६, उभं कॅप्सूल ७४८ × ८९६. त्याखेरीज गेम विकत घेतलेल्यांच्या लायब्ररीसाठी ६०० × ९०० चं उभं कव्हर, ३८४० × १२४० ची आडवी पट्टी आणि पारदर्शक पार्श्वभूमीवरचा लोगो. हे आकार एका झटक्यात ठरलेले नाहीत. गेम कुठे विकला जात होता आणि कव्हर किती अंतरावरून, किती वेळ पाहिलं जात होतं, त्यानुसार ते एकावर एक साचत गेले. हा इतिहास ठाऊक नसला की एकच देखणं पोस्टर रंगवून घेतलं जातं, तेच सगळ्या मापांत आवळलं जातं आणि यादीत गेमचं नावसुद्धा वाचता येत नाही.

१९७७ साली अटारी कंपनीचं गेम खेळायचं घरगुती यंत्र अमेरिकेतल्या दुकानांत आलं, तेव्हा पडद्यावरचा रणगाडा म्हणजे मोजक्या चौकोनांचा एक आकार होता. ‘कॉम्बॅट’ या गेमच्या मुखचित्रावर मात्र क्लिफ स्पोन यांनी रंगवलेले रणगाडे आणि विमानं होती. पडद्याला जे दाखवणं झेपत नव्हतं ते खेळणाऱ्याच्या मनात उभं करणं, हे त्या चित्राचं काम होतं. शिवाय ग्राहक खोकं हातात घ्यायचा, उलटून मागचा मजकूर वाचायचा. वितभर अंतरावरून निवांत पाहिल्या जाणाऱ्या चित्रात बारकावे भरायला भरपूर वाव होता.

१९७९ मध्ये अटारी सोडलेल्या प्रोग्रामरांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी सुरू केली आणि वेगळी वाट धरली. त्यांच्या खोक्यांवर सपाट, उजळ रंगांत खेळातलाच प्रसंग असायचा. ‘पिटफॉल’च्या (१९८२) कव्हरवर वेलीला लोंबकळून झोका घेणारा माणूस आहे, आणि गेममध्ये खरोखर तेच करायचं असतं. खेळाडू नेमकी कोणती कृती करणार, हे एका आकृतीत सांगणारं हे कव्हर आजच्या कॅप्सूलचं खरं पूर्वज आहे. १९८३ च्या मंदीत अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला, दुकानदारांचा या धंद्यावरचा विश्वास उडाला. त्यानंतर १९८५ मध्ये निन्टेन्डो तिथे उतरली ती काळ्या खोक्यांवर गेममधलीच पिक्सेलची पात्रं मोठी करून. आत जे आहे तेच बाहेर दिसत होतं.

उलट उदाहरणही त्याच दशकातलं. ‘मेगा मॅन’च्या (१९८७) अमेरिकी कव्हरवरच्या नायकाच्या हातात पिस्तूल आहे. गेममध्ये त्याचा हातच तोफ होतो. पुढे ही मालिका गाजली, पण ते कव्हर अजूनही वाईट मुखचित्राचा नमुना म्हणून दाखवलं जातं. ‘इको’च्या (२००१) बाबतीत जपान आणि युरोपसाठी दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः चित्र रंगवलं. चित्रकार जॉर्जो दे किरिको यांच्या शैलीतल्या लांब सावल्या, रिकामं आवार, दोन चिमुकल्या आकृती. अमेरिकेसाठी वेगळंच कव्हर छापलं गेलं. उएदांचं चित्र अप्रतिमच आहे, पण छोट्या कॅप्सूलच्या १७४ पिक्सेल उंचीत त्या आकृती नाहीशा होतील. ते खोक्यासाठी रंगवलेलं चित्र होतं.

स्टीम १२ सप्टेंबर २००३ ला सुरू झालं आणि २००५ पासून तिथे बाहेरच्या डेव्हलपरांचे गेम येऊ लागले. दुकानातलं उभं खोकं इथे यादीतली आडवी पट्टी झालं. जुनी मापं होती हेडर ४६० × २१५, छोटं कॅप्सूल २३१ × ८७. मोबाइलच्या अ‍ॅप स्टोअरने (२००८) चौकोनी आयकॉन आणि त्याशेजारी मजकुरात नाव अशी विभागणी केली. स्टीमवर बऱ्याच ठिकाणी नुसतं चित्रच दिसतं, म्हणून नाव चित्रातच वाचता यावं लागतं. मोबाइलचा आयकॉन ताणून कॅप्सूल बनवणारे हा फरक विसरतात.

ऑगस्ट २०१२ मध्ये स्टीमचं ग्रीनलाइट आलं. तिथे प्रेक्षकांच्या मतांवर गेमची निवड व्हायची आणि चौकोनी चित्र लागायचं. हलती चित्रंही चालत, त्यामुळे लक्ष वेधण्यासाठी लुकलुकाटाची चढाओढ लागली. २०१३ मध्ये आलेल्या इच डॉट आयओ या स्वतंत्र गेमच्या संकेतस्थळावर हलतं कव्हर आजही चालतं. तिथलं शिफारस केलेलं माप ६३० × ५०० आहे. जून २०१७ मध्ये ग्रीनलाइट बंद होऊन स्टीम डायरेक्ट आलं. गेममागे १०० डॉलर भरले की दार उघडं. निवड करणारं मधलं कोणी उरलं नाही, गेमची संख्या फुगत गेली आणि आधी पारखणाऱ्यांवर असलेला भार मुखचित्रावर आला.

२०१९ मध्ये स्टीमच्या लायब्ररीची मांडणी बदलली आणि ६०० × ९०० च्या रूपाने उभं कव्हर परत आलं. त्याच बदलात लायब्ररीतली ३८४० × १२४० ची आडवी पट्टी आली. तिच्यावर अक्षरं नकोत, लोगो वेगळा येऊन बसतो. खिडकीच्या आकारानुसार कडा कापल्या जातात, म्हणून महत्त्वाचं सगळं मधल्या ८६० × ३८० मध्ये ठेवावं लागतं. चेहरा काठाला असला तर अर्धा कापला जाणार, हे नक्की.

दरम्यान कॅप्सूलवर पुरस्कारांच्या मोहरा, समीक्षेतली वाक्यं, सवलतीचे आकडे अशी गर्दी झाली होती. बारीक मापात त्यातलं काही वाचता येत नव्हतं, आणि मजकूर बहुधा इंग्रजीतच. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने नियम केला: कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच. मोठ्या अपडेटची जाहिरात करायची तर वेगळी, ठरावीक मुदतीची कॅप्सूल लावावी लागते. नियम मोडला तर गेम स्टोअरवर कमी दिसतो. आमच्या मते स्वतंत्र डेव्हलपरांच्या हिताचा हा सर्वात मोठा बदल. मोहरा नसलेल्या नवख्या गेमला त्याने बरोबरीची जागा दिली. पुढे २०२४ मध्ये स्टोअरच्या चित्रांची मापं दुप्पट झाली. नव्या मापात चित्र द्यायचं तर, ज्यांच्याकडे फक्त जुन्या मापातली तयार फाइल होती, त्यांना ते पुन्हा करून घ्यावं लागणार होतं. चित्राचे वेगवेगळे थर, म्हणजे लेयर, जपून ठेवलेल्यांचं काम एका दुपारचं होतं.

म्हणून मूळ चित्र किमान ३८४० पिक्सेल रुंद हवं. पार्श्वभूमी, पात्र आणि लोगो वेगळ्या लेयरवर, लोगो शक्यतो व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या रूपात. चित्रकाराशी करार करतानाच लेयरसह मूळ फाइल आणि वापराचे हक्क लिहून घ्यावेत. सुरुवात सर्वात छोट्या मापापासून करावी. छोट्या कॅप्सूलमधून स्टीम १८४ × ६९ आणि १२० × ४५ असे आणखी लहान आकार काढतं. तिथे नाव वाचता येत नसेल तर वरचं काही कामाचं नाही. छोट्या कॅप्सूलमध्ये लोगोने जवळजवळ सगळी जागा व्यापावी, मागे एखादा रंग किंवा पात्राचा तुकडा पुरे. मुख्य कॅप्सूल कापून उभं करू नये, पात्र आणि लोगो हलवून नव्याने रचावं. स्टीमची पार्श्वभूमी गडद निळी आहे, त्यामुळे काळोख्या कडांचं चित्र तिच्यात विरघळतं. भयपटासारख्या गेमनाही कडेला कुठेतरी उजेड द्यावा लागतो.

तपासणीची रीत साधी आहे. आपल्या प्रकारच्या गेमच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यात आपलं कॅप्सूल खऱ्या मापात चिकटवायचं आणि गेम न पाहिलेल्या माणसाला विचारायचं: यात काय करायचं असेल? शेती सांभाळायच्या गेमला कोणी युद्धाचा म्हणालं, तर चित्र कितीही सुंदर असो, चुकीची माणसं क्लिक करतील आणि पान बंद करून जातील. मग चित्र कृष्णधवल करून पाहायचं. अक्षरं आणि मागचा भाग एकाच करड्या छटेत मिसळले, तर फरक फक्त रंगाचा होता, उजेडाचा नव्हता.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर ठिकाणी आला. एकाच गेमला अनेक स्टोअरची वेगवेगळी मापं पुरवण्याची वेळ इथल्या स्टुडिओंवरही येते. देवनागरी नाव ठेवणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा दिली की छोट्या कॅप्सूलच्या १७४ पिक्सेल उंचीत अक्षराच्या मुख्य अंगाला जेमतेम निम्मी उंची उरते. नाजूक वळणाचा फॉन्ट तिथे पुसट होतो आणि शिरोरेषेची नुसती आडवी रेघ दिसत राहते. जाड, मोकळ्या पोटाची अक्षरं घ्यावीत, नाव एका ओळीत बसवावं, आणि दोन ओळी अटळ असतील तर खालच्या ओळीची मात्रा वरच्या उकारात अडकत नाही ना, हे १२० × ४५ मध्येच पाहून घ्यावं.