गॅरेजच्या भिंतीला इन्सुलेशन लावण्याआधी भिंत कोरडी आहे का?

बंगल्याच्या कडेचं गॅरेज हल्ली गाडीसाठी कमीच वापरलं जातं. गाडी पोर्चमध्ये उभी राहते आणि गॅरेजमध्ये शिकवणी, शिलाईकाम किंवा घरून चालणारं ऑफिस सुरू होतं. हिवाळाभर काही अडत नाही. मार्च संपत आला की आम्हाला फोन येऊ लागतात : “दुपारी तिथे बसवत नाही, रात्री झोपायच्या वेळीसुद्धा भिंत गरम लागते. या आठवड्यात थर्माकोल लावून द्याल का?”

आधी भिंत तपासू, असं आम्ही म्हणतो आणि बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. तपासणीचा आग्रह का धरतो, ते एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता आत पोचायला सहा ते आठ तास लागतात. म्हणून बाहेर ऊन उतरल्यावर खोली जास्त त्रास देते. थर्माकोलचा ५० मिमीचा बोर्ड उष्णता अडवण्यात साधारण मीटरभर जाडीच्या विटांच्या भिंतीची बरोबरी करतो, त्यामुळे नवतपातही (मेअखेरच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांतही) फरक लगेच कळतो. थंडीतही तोच उपयोगी पडतो. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे अनेकांना आठवत असेल.

आता जिथे काम अडतं तो मुद्दा. गॅरेजची भिंत बहुधा घराच्या इतर भिंतींपेक्षा दुर्लक्षित असते. बाहेरच्या प्लास्टरला बारीक तडे असतात, गच्चीचा पाइप तिथेच उतरतो, कुंपणाच्या बाजूला माती जोत्याच्या वर चढलेली असते. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि पुढचे काही महिने ते हळूहळू आतल्या बाजूने उडून जातं. पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर फुटणारे क्षार) आणि रंगाचे पापुद्रे सोडले तर फार काही दिसत नाही. त्याच भिंतीवर आतून बोर्ड लावला, की पाणी बाहेरून पूर्वीसारखंच येत राहतं आणि वाळायची वाट मात्र बंद होते. मग इन्सुलेशनवर बसवलेला जिप्सम बोर्ड खालून मऊ पडतो, लाकडी पट्ट्या असतील तर वाळवी लागते, रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) असेल तर ते भिजून खाली बसतं आणि उष्णता अडवत नाही. पहिल्याच पावसाळ्यात खोलीला कुबट वास येतो. असं काम दुरुस्त करायचं म्हणजे सगळं उखडणं आलं. नव्या कामापेक्षा वेळ जास्त जातो आणि उखडलेला बोर्ड परत वापरता येत नाही.

आतून वॉटरप्रूफ रंग मारून हा प्रश्न सुटत नाही. पाणी बाहेरून ढकललं जातं, रंगाला फोड येतात, बस.

एक तपासणी तुम्ही घरीच करू शकता. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि पूर्ण एक दिवस तसाच ठेवा. काढताना भिंतीकडची बाजू दमट लागली, थेंब दिसले, तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली ओल आहे. जमिनीपासून फूटभर उंचीवर एक आणि स्लॅबखाली एक, असे दोन तुकडे लावा. खालचा ओला निघाला तर पाणी पायातून किंवा चढलेल्या मातीतून येतंय, वरचा ओला असेल तर कठडा, स्लॅबचा सांधा किंवा पाइप बघावा लागतो. ही तपासणी एप्रिल-मेमध्ये करून समाधान मानू नका. खरी परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते.

आम्ही येतो तेव्हा ओलावा मोजायचं यंत्र आणतो. लोणा असलेल्या भिंतीवर यंत्र जास्त आकडा दाखवतं, म्हणून घरातल्या एखाद्या कोरड्या भिंतीचा आकडाही शेजारी लिहून घेतो आणि तो कागद तुमच्याकडेच ठेवतो. या भेटीचे पैसे आम्ही घेतो, काम दिलंत तर बिलातून वजा करतो. शेजारच्यांचं काम कोणी दोन दिवसांत करून दिलं, असं आम्हाला ऐकवलं जातं. भिंत कोरडी असेल तर आम्हीही दोन दिवसांतच करतो. ओली असेल तर आधी बाहेरची दुरुस्ती आणि मग वाळायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांचे आम्ही पैसे लावत नाही, आणि दुरुस्ती तुमच्या नेहमीच्या गवंड्याकडून करून घेतलीत तरी आमची हरकत नाही.

मालाबद्दल थोडं. पॅकिंगचा थर्माकोल आम्ही भिंतीत वापरत नाही. आयएस ४६७१ या भारतीय मानकानुसार बनलेला, आग न पसरवणाऱ्या दर्जाचाच घेतो आणि तो कधीही उघडा ठेवत नाही. त्यावर १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड बसतोच. गॅरेजमध्ये स्कूटर किंवा पेट्रोलचा डबा राहणार असेल तर थर्माकोलऐवजी रॉकवूल घ्या, ते जळत नाही. चौकट लाकडाची न करता जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) करतो. वायरिंग पाइपमधूनच नेतो, कारण थर्माकोलला चिकटून राहिलेल्या वायरीचं पीव्हीसी काही वर्षांत कडक होऊन तडकतं. शेल्फ, एसी, टीव्ही कुठे टांगायचा हे काम सुरू होण्याआधी सांगा, तिथे बोर्डामागे प्लायवूड घालतो. नंतर नुसत्या जिप्सममध्ये ठोकलेला खिळा वजन धरत नाही. सगळं मिळून भिंत साधारण तीन इंच आत येते.

वर पत्रा असेल तर नुसत्या भिंतींवर खर्च करू नका. उन्हाळ्यात सर्वाधिक उष्णता छतातून येते, त्याखालोखाल पश्चिमेच्या भिंतीतून आणि शटरमधून. पैसे मोजके असतील तर आधी छत, मग पश्चिमेची भिंत. उत्तरेची भिंत बहुतेक घरांत तशीच सोडली तरी चालते आणि आम्ही ती विकायचा आग्रह धरत नाही.

कूलर लावणार असाल तर हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला खिडकी किंवा एक्झॉस्ट हवाच. बंद खोलीत कूलर चालला की दमटपणा साचतो. अशा खोलीत आम्ही ओलाव्याला टिकणारा हिरवा जिप्सम बोर्ड सुचवतो, किंमत थोडी वाढते. गॅरेजचा वापर कायमचा बदलणार असाल तर नगरपालिकेच्या नियमांची चौकशीही आधीच करून घ्या.

सोयीचं वेळापत्रक असं : पावसात भिंत बघायची, दिवाळीच्या सुमारास बाहेरची दुरुस्ती, जानेवारी-फेब्रुवारीत इन्सुलेशन. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे तारखाही लवकर मिळतात. भेट ठरवताना भिंतीचे आतून-बाहेरून फोटो पाठवा. गेल्या पावसाळ्यात काढलेला एखादा फोटो सापडला तर तो आधी पाठवा.