नुसता फिरणारा स्पिंडल आणि वर-खालीही होणारा स्पिंडल

जुन्या सुतारी यंत्रांच्या जाहिरातींत ‘ड्रम सँडर’ (लाकूड घासायचे यंत्र) हे नाव दोन वेगळ्या यंत्रांना इतक्या सैलपणे वापरले जाते, की ते वाचून वीट आला आहे. उभ्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, पॉलिश पेपरची नळी चढवलेला साधा सँडर बहुतेकांच्या परिचयाचा असतो. ड्रिल मशीनला रबरी ड्रम लावून ज्याने खुर्चीच्या पाठीचा बाक घासला आहे, त्याला त्याविषयी वेगळे सांगायला नको. ऑसिलेटिंग स्पिंडल सँडर, म्हणजे ज्याचा स्पिंडल फिरताना वर-खालीही होतो तो, वरून तसाच दिसतो. ग्रँड रॅपिड्सची ऑलिव्हर किंवा टोलेडोची बॉइस-क्रेन या अमेरिकी कंपन्यांची अशी यंत्रे संग्राहक आवर्जून शोधतात. टेबल तिरके होते का, मोटर थ्री-फेज आहे का, टेबलातल्या भोकाच्या चकत्या हरवल्या आहेत का, हे प्रश्न किंमत ठरवताना विचारावेत. त्यांवरून यंत्राचा प्रकार ठरत नाही.

प्रकार ठरतो तो एकाच गोष्टीवरून: फिरता फिरता स्पिंडल वर-खाली होतो की नाही. नुसत्या फिरणाऱ्या नळीवर फळीची कड नेहमी त्याच पट्ट्याला टेकते. तेवढाच कागद भुशाने चोंदतो, तापतो, लाकूड करपवतो आणि कडेवर समांतर ओरखडे उमटवतो. स्पिंडल इंचभर वर-खाली होत राहिला, तर झीज आणि उष्णता पसरते, आणि एका दाण्याच्या ओरखड्यावरून दुसरा दाणा तिरपा जातो.

गोची होते ती हे तपासताना. आत वर्म गिअर (गती खूप कमी करणारा, स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) आणि एक्सेंट्रिक (केंद्र बाजूला असलेली चकती, जी फिरण्याचे वर-खाली हलणे करते) असतो, त्यामुळे वर-खाली होण्याची गती फारच कमी असते. मिनिटाला १७२५ फेरे आणि सुमारे ६० हेलकावे धरले, तर एका हेलकाव्याला जवळजवळ २९ फेरे लागतात. हाताने दोन फेरे फिरवून ‘हा साधाच आहे’ म्हणणारा चांगले यंत्र सोडून येतो. उलट, स्पिंडल हाताने उचलल्यावर खटकन वर आला म्हणून हरखणारा झिजलेला सांधा विकत घेतो. मोटरचा पट्टा काढून, स्पिंडलवर टेबलाच्या पातळीला पेन्सिलची खूण करून तीस-चाळीस फेरे सावकाश मोजावेत. खूण वर जाऊन परत आली पाहिजे आणि वळणाच्या टोकाला अडखळता कामा नये. (अमेरिकेतून आणलेली इंडक्शन मोटर आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने मंद चालते, पण दोन गतींचे गुणोत्तर तेच राहते.)

खूण हललीच नाही, तर साध्या सँडरपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नये, कारण झिजलेला वर्म गिअर बाजारात तयार मिळण्याची आशा नसते. तो करूनच घ्यावा लागतो. ताज्या हिरव्या रंगाने चमकवलेली यंत्रे मला तर मुळीच आवडत नाहीत. ओतकामाखाली जुना, तेलकट, सोललेला रंग असेल, तर तेल कुठून गळते ते निदान दिसते. गिअरपेटीचे झाकण उघडू न देणाऱ्या विक्रेत्याकडून मी यंत्र घेत नाही.