शहापूरचे पाडे तहानलेले का?

ठाण्यात दर उन्हाळ्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘शहापूरच्या डोंगरात पाऊसच कमी, म्हणून तिथे टँकर लागतात.’ हे साफ चुकीचं आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात वर्षाला 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. तानसा तर 1892 पासून उभं आहे.

मग पाडे कोरडे का? पायाखाली काळा कातळ. त्यावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. चार महिने धो धो पडलेलं पाणी थेट ओढ्यातून खाली धरणात जातं आणि तिथून जलवाहिन्यांतून शहराकडे. धरण दरीत, पाडा माथ्यावर. पाणी वर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, टाकी हवी, आणि दहा-वीस घरांसाठी तो खर्च करायचा कोणी, इथेच योजना अडते.

फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळ गाठतात. मग बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात झिरा खणतात. पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं, वाटीने हंडा भरायचा, गढूळ आलं तर लुगड्याच्या पदराने गाळायचं, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि चढ चढायचा. एका हंड्याला कधी तास जातो.

‘त्यांना पाणी साठवता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. थेंब न सांडता वाटीने हंडा भरणाऱ्या बाईला पाण्याची किंमत आपण काय शिकवणार? तिला पाड्यावर टाकी हवी आहे, आणि टाकीत पाणी.