सीपॅपच्या भांड्यात वरून भर घालू नका

आमच्याकडून सीपॅप किंवा बायपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, विकत घेतलेल्या, भाड्याने नेलेल्या आणि दुसरीकडून घेऊन आमच्याकडे सर्व्हिसिंगला आणणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. मास्क कसा बसवायचा, मशीन कसं चालू करायचं हे तुम्हाला घरी येऊन दाखवलेलं आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. हे फक्त ती हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या भांड्याबद्दल आहे, म्हणजे ज्याला आपण चेंबर म्हणतो त्याबद्दल. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधली बरीचशी मशीन मुळात बिघडलेली नसतातच. आम्ही स्वच्छ चेंबर लावून पाहतो आणि मशीन व्यवस्थित चालतं. तोवर सिन्नरहून किंवा दिंडोरीहून आलेल्या माणसाचा अर्धा दिवस गेलेला असतो, आणि कधीकधी मशीनशिवाय एक रात्रही.

तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते: "पहिल्यासारखी वाफ येत नाही, नाक कोरडं पडतं, सेटिंग वाढवून पाचवर नेलं तरी तेच." चेंबर उघडलं की तळाच्या धातूच्या पत्र्यावर पांढरा, खरखरीत थर दिसतो. गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. मशीनची तापणारी प्लेट त्या पत्र्याला खालून ऊब देते. मध्ये क्षारांचा थर आला की ती ऊब पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. प्लेट तापत राहते, पाणी मात्र कोमटच राहतं. थर फार दिवस राहिला तर पत्र्याला बारीक खड्डे पडतात, आणि मग चेंबर बदलण्याशिवाय इलाज नसतो.

हा थर कुठून येतो हे विचारलं की ग्राहक म्हणतात, "आम्ही तर आरओचंच पाणी घालतो." ते खरंच सांगत असतात. पण दोन गोष्टी एकत्र आल्या की आरओचं पाणीही नडतं, आणि त्यातली दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिली गोष्ट अशी की आरओचं पाणी म्हणजे क्षार नसलेलं पाणी नव्हे. चव राहावी म्हणून बऱ्याच घरगुती आरओमध्ये टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम तो आकडा, मुद्दाम थोडा वर ठेवलेला असतो. पिण्यासाठी ते योग्यच आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चांगले मानतात. गंगापूर धरणाचं पाणी पिणाऱ्या नाशिककराला आपल्या पाण्याचा अभिमान असतो, आणि तो रास्त आहे. पण पोटात गेलेल्या क्षारांचं शरीर पाहून घेतं. मशीनमध्ये फक्त पाण्याची वाफ होते. क्षारांची वाफ होत नाही, ते मागेच राहतात.

दुसरी गोष्ट, आणि हे पत्रक खरं तर हिच्यासाठीच काढलं आहे: सकाळी उरलेलं पाणी न टाकता रात्री त्यावर भर घालणं.

आम्ही काउंटरवर कागदावर मांडून दाखवतो तो हिशोब इथेही मांडतो. समजा चेंबरमध्ये ३५० मिली पाणी मावतं आणि तुमच्या आरओचा टीडीएस ८० आहे. पहिल्या रात्री चेंबरमध्ये २८ मिलिग्रॅम क्षार गेले. रात्रभरात २५० मिली पाण्याची वाफ झाली, सकाळी १०० मिली उरलं. ते २८ मिलिग्रॅम त्या उरलेल्या १०० मिलीमध्येच आहेत. आता हे पाणी ओतून दिलंत, तर क्षारही जवळजवळ सगळे गेले. पण "चांगलं आरओचं पाणी आहे, कशाला वाया घालवायचं" म्हणून त्यावर २५० मिली भर घातलीत, तर आणखी २० मिलिग्रॅम आत गेले. पुढच्या रात्री आणखी २०. असं तीस रात्री चाललं की चेंबरमध्ये ६०० मिलिग्रॅमच्या वर क्षार जमतात, म्हणजे लिटरच्या हिशोबाने सतराशेच्या पुढे. इतके क्षार पाण्यात विरघळून राहत नाहीत, बरेचसे तळाला चिकटतात. तुम्ही रोज ओतत होता आरओचं पाणी, आणि महिन्याच्या शेवटी आत होतं ते बोअरच्या पाण्यापेक्षाही जड.

बोअरचं पाणी घालणाऱ्यांसाठी वेगळा हिशोब मांडायला नको. टीडीएस ६०० असेल तर महिन्याला साडेचार ग्रॅम क्षार, म्हणजे पोहे खायच्या चमच्याने जवळजवळ चमचाभर मीठ आपण त्या भांड्यात टाकतो आहोत.

भर घालण्यात नुसत्या क्षारांचा प्रश्न नाही. दोन-तीन दिवसांचं कोमट पाणी, बंद भांडं आणि अंधार यांत जंतू वाढतात. चेंबरच्या कोपऱ्यात बोटाला बुळबुळीत लागतं किंवा गुलाबीसर थर दिसतो, तो त्यांचाच. या मशीनमध्ये पाण्याचे तुषार उडत नाहीत, फक्त वाफ हवेत मिसळते, त्यामुळे भांड्यातलं सगळंच फुप्फुसात जातं असं नाही. पण भांडं हललं की पाणी नळीत उडतं, नळी ओली राहते, आणि तीच हवा आपण सात-आठ तास श्वासात घेतो. ज्यांना सायनसचा त्रास आहे किंवा दमा आहे, त्यांनी हे विशेष मनावर घ्यावं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे: सकाळी उठलात की मास्क काढून ठेवायच्या आधी चेंबर रिकामं करा. चहा ठेवायला जाताना ते हातात घ्या, पाणी कुंडीत ओता, एकदा विसळा आणि ओट्याच्या कडेला झाकण उघडं ठेवून पालथं घाला. दिवसभरात वाळतं. रात्री ताजं पाणी भरा. "पाणी वाया जातं" असं वाटत असेल तर कमी भरा. आठवडाभर पाहा, सकाळी किती उरतं. तेवढं कमी करून चेंबरच्या बाहेरून टेपची खूण लावा. थंडीत ती खूण थोडी वर सरकेल, पावसाळ्यात खाली येईल.

कोणतं पाणी?

डिस्टिल्ड वॉटर. मेडिकलच्या दुकानात मिळणारं, सीलबंद, ताज्या तारखेचं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून थरच बसत नाही. ५ लिटरचा कॅन रात्रीच्या २५० मिलीच्या हिशोबाने वीस दिवस पुरतो. आमच्याकडे ठेवलेला असतो आणि मशीनच्या सर्व्हिसिंगसोबत आम्ही घरपोच देतो. काहींना वाटतं की दुकानदाराला पाणी विकायचं आहे म्हणून हे सगळं चाललंय. तसं नाही. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमधून घ्या, आम्हाला वाईट वाटणार नाही. फक्त कॅनवर 'डिस्टिल्ड' असं स्पष्ट लिहिलेलं आहे ना ते वाचा, आणि एकदा उघडलेला कॅन झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. त्यात पेला बुडवू नका, ओतूनच घ्या.

बिसलेरीसारखं बाटलीबंद पाणी, गाळून उकळलेलं पाणी, तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी, यांबद्दल रोज कुणी ना कुणी विचारतं. उकळल्याने जंतू मरतात, क्षार सगळे जात नाहीत. पाणी आटतं तसे उरलेले दाट होतात. बाटलीबंद पाण्यातही क्षार असतातच. तांब्याचं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून पिणारे भांडी बाजाराच्या या गावात पुष्कळ आहेत. त्यांनी ते अवश्य प्यावं, मशीनला घालू नये. प्रवासात अडलं, मुंबईला लेकीकडे दोन रात्री राहायचं आहे आणि डिस्टिल्ड मिळालं नाही, तर उकळून गार केलेलं पाणी किंवा बाटलीचं पाणी दोन रात्री घातल्याने मशीन बिघडत नाही. फक्त सकाळी टाकून द्यायचं, भर घालायची नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी नको. त्यात क्षार कमी असतील, पण ते श्वासासाठी भरलेलं नसतं. कॅन पुन्हा पुन्हा भरले जातात आणि आधी त्यात काय होतं ते सांगता येत नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही नको. ते वाफेचंच पाणी खरं, पण कॉइलवरची सगळी धूळ आणि बुरशी धुऊन खाली आलेलं असतं. सलाइन तर अजिबात नको, त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं.

आणि एक कळकळीची विनंती. निलगिरी, पुदिन्याचा अर्क, कापूर, बाम, अत्तर, गुलाबपाणी यांतलं काहीही या पाण्यात घालू नका. सर्दीत वाफारा घेण्याची आपली सवय जुनी आहे, म्हणून हात तिकडे जातो. पण वाफारा दहा मिनिटांचा असतो आणि हे मशीन रात्रभर चालतं. तेलाचा अंश फुप्फुसात जाणं धोक्याचं आहे, आणि चेंबरच्या प्लॅस्टिकलाही त्याने तडे जातात. सर्दी झाली तर वाफारा वेगळा घ्या, मग मास्क लावा.

धुण्याबद्दल

रोजचं विसळणं वर सांगितलं. आठवड्यातून एकदा, रविवार ठरवून टाका, चेंबर आणि नळी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून धुवा. तारेची घासणी नको, तिने ओरखडे पडतात आणि मळ त्यातच धरतो. मऊ कपडा पुरे. साबणाचा वास राहणार नाही इतकं खळखळून घ्या. नळी शॉवरच्या दांडीवर दोन्ही टोकं खाली सोडून वाळत घाला. गच्चीवर उन्हात ठेवू नका. ऊन निर्जंतुक करतं हे खरं असलं तरी मास्कचं सिलिकॉन आणि प्लॅस्टिक त्याने लवकर पिवळं आणि कडक होतं.

थर बसलाच असेल तर वाण्याकडे मिळणारं पांढरं व्हिनेगर घ्या, एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी. चेंबरमध्ये भरून अर्धा तास ठेवा. कॅल्शियमचा थर त्यात विरघळतो, बारीक बुडबुडे येताना दिसतील. मग स्वच्छ धुवा. जुना, जाड थर एका खेपेत निघणार नाही, दोन-तीन वेळा करा, पण चाकूने किंवा नखाने खरवडू नका. लिंबू पिळून करणारेही आहेत, पण त्यात रस आणि गर मागे राहतो, मग त्यावर बुरशी धरते. ब्लीच, डेटॉल, फिनेल यांचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि रात्री तोच नाकात येतो, म्हणून ते नको.

ओझोनने किंवा अतिनील किरणांनी मशीन आपोआप स्वच्छ करणाऱ्या पेट्या इंटरनेटवर विकायला दिसतात. आम्ही त्या ठेवत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० साली अशा उपकरणांबद्दल सावधगिरीची सूचना दिली होती. ओझोन खोलीत किंवा नळीत राहिला तर श्वासाचा त्रास असलेल्याला त्याचाच त्रास होतो. दोन थेंब लिक्विड आणि पाच मिनिटं हात हलवणं यापुढे ती पेटी काही जास्त करत नाही.

मागचा हवेचा पांढरा फिल्टर मात्र धुवायचा नसतो, तो बदलायचा. पांढरा फिल्टर करडा दिसला की बदला.

थंडीतले फोन

निफाडला पारा पाच अंशांखाली उतरतो त्या आठवड्यात आम्हाला सकाळी सातपासून फोन येतात: "मशीनमधून पाणी गळतंय, नळीत खळखळ आवाज येतो, तोंडावर पाणी उडालं." मशीन गळत नसतं. उबदार ओली हवा थंड नळीतून येताना तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. आर्द्रतेचं सेटिंग एक-दोन पायऱ्या कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तिला कापडी खोळ घाला, आणि मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे साठलेलं पाणी तोंडाकडे न येता परत भांड्यात जाईल. एवढं करूनही थांबलं नाही तर तापणारी नळी मिळते. ती तुमच्या मॉडेलला बसते का ते आम्ही पाहून देतो.

आमच्या दोन नियमांवर कधीकधी ग्राहक नाराज होतात, त्यांचं कारण सांगतो. क्षार बसून खराब झालेलं चेंबर वॉरंटीत बदलून देता येत नाही, कारण कंपनी ते वापरातलं नुकसान धरते आणि आम्हाला तिच्याकडून काही मिळत नाही. थर काढून देण्याची मजुरी आम्ही घेतो, पण व्हिनेगरची पद्धत वर सगळी लिहून दिली आहे, घरी केलीत तर तीही लागणार नाही. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा आहे: पाणी भरलेलं मशीन आम्ही काउंटरवर घेत नाही. गेल्या हिवाळ्यात एक सद्गृहस्थ निफाडहून मोटरसायकलवर मशीन घेऊन आले, डिकीत आडवं ठेवून, चेंबर भरलेलं. तक्रार फक्त वाफ कमी येण्याची होती, व्हिनेगरने सुटली असती. पण वाटेत ते पाणी हवेच्या वाटेने मोटरमध्ये शिरलं. मोटर बदलावी लागली, आठ दिवस गेले, आणि तोवर त्यांना भाड्याचं मशीन न्यावं लागलं. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून आम्हालाही वाईट वाटलं.

तेव्हा मशीन घराबाहेर नेताना, दुकानात येताना, रेल्वेने जाताना, अगदी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवतानाही, आधी चेंबर बाहेर काढा आणि रिकामं करा. वाफेची तक्रार असेल तर बहुतेक वेळा मशीन आणायचीही गरज नसते. नुसतं चेंबर पिशवीत घालून आणा, सोबत छोट्या बाटलीत तुमच्या घरचं पाणी आणा. टीडीएस आम्ही समोर मोजून देतो, त्याचे पैसे घेत नाही. चेंबर बदलायचंच असेल तर तुमच्या मॉडेलचं नाव मशीनच्या खालच्या चिठ्ठीवरून फोटो काढून आधी पाठवा, म्हणजे आल्यावर थांबावं लागणार नाही.