सार्वजनिक व खासगी किल्ली

कूटलेखनात वापरली जाणारी, गणिताने एकमेकींशी बांधलेली किल्ल्यांची जोडी. सार्वजनिक किल्लीने बंद केलेला मजकूर फक्त खासगी किल्लीने उघडतो. डिजिटल सहीचे उलट, ती खासगी किल्लीने होते आणि सार्वजनिक किल्लीने कोणीही तपासतो. ‘किल्ली’ हा शब्द तसा फसवा आहे. घराची किल्ली चोरीला गेली की खिसा रिकामा लागतो; इथली किल्ली म्हणजे संगणकातली एक फाइल, ती कोणी कॉपी करून नेली तरी मूळ फाइल जागच्या जागी असते.

ही कल्पना डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये जाहीरपणे मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व अ‍ॅडलमन यांची आरएसए पद्धत आली.

आरएसएमध्ये सॉफ्टवेअर दोन प्रचंड मूळ संख्या निवडून त्यांचा गुणाकार करते. २०४८ बिटांच्या किल्लीत तो ६१७ अंकी भरतो. खरी मेख निवडीत आहे, ती कोणालाही अंदाज न येणारी हवी. डेबियन लिनक्स या संगणकप्रणालीत २००६ साली एका दुरुस्तीत यादृच्छिकतेचे जवळजवळ सगळे स्रोत चुकून तुटले. २००८ मध्ये हे उघड झाले तेव्हा कळले, की एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारच निघू शकत होत्या. गणित शाबूत होते, फासे खोटे होते.

डिस्कवर ठेवताना खासगी किल्ली परवलीच्या वाक्याने कूटबद्ध करतात. त्या वाक्यापासून पीबीकेडीएफ२ किंवा एस्क्रिप्टसारखी, मुद्दाम संथ ठेवलेली प्रक्रिया दुसरी एक किल्ली काढते आणि एईएस ही कूटलेखनाची पद्धत त्या किल्लीने फाइल बंद करते. त्यामुळे वाक्य बदलले तरी जोडी तीच राहते; जुन्या बॅकअपला जुने वाक्य अजूनही चालते. वाक्य विसरले तर मात्र किल्ली गेलीच. वापराच्या वेळी ती संगणकाच्या मेमरीत उघडी होते. टोकनमध्ये, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणात, बोलीभाषेतल्या ‘डोंगल’मध्ये, मात्र किल्ली चिपच्या आतच तयार होते, सहीही आतच होते.

नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात ई-पासपोर्टच्या पुस्तिका तयार होतात. त्यातल्या चिपमधील माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या देशाच्या खासगी किल्लीने सही असते. परदेशी विमानतळावर ती सार्वजनिक किल्लीने पडताळता येते. शहरात इतरत्र हा विषय ‘डीएससी’ (डिजिटल सहीचे प्रमाणपत्र) या नावाने ओळखीचा आहे: ई-निविदा भरणारे कंत्राटदार, कंपन्यांचे संचालक, द्राक्षांचे निर्यातदार. अनेकांचे डोंगल सीएच्या (सनदी लेखापालाच्या) ड्रॉवरमध्ये असते आणि पिन त्याच्यावरच चिकटवलेल्या चिठ्ठीवर. मग चिपमधल्या बंदोबस्ताला काय अर्थ उरतो? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी किल्लीवर ताबा ठेवण्याची काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची असते. ती दुसऱ्याच्या हाती लागल्यास प्रमाणन प्राधिकाऱ्याला, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला, विनाविलंब कळवावे लागते, आणि कळवेपर्यंतची जबाबदारी धारकाचीच राहते.