काउंटी मृत्यू नोंदी (अमेरिका)

अमेरिकेत काउंटी या स्थानिक शासनाच्या दप्तरात राहणाऱ्या मृत्यूच्या नोंदी आणि त्यांची प्रमाणित नक्कल मिळवण्याची पद्धत. देशात काउंट्या ३,१०० हून अधिक आहेत. एखादी आपल्या तालुक्याएवढी, तर एखादी चार जिल्हे पोटात घेईल एवढी. जन्म-मृत्यूची नोंद हा तिथे राज्यांचा विषय आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने भारताला जशी एक चौकट दिली तशी अमेरिकेला कधी मिळाली नाही. त्यामुळे दाखला कुठे मिळेल, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. मृत्यू कुठे झाला आणि कोणत्या साली झाला, हे दोन्ही कळल्यावरच कोणते कार्यालय गाठायचे ते ठरते. इथे ‘कुठे’ म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूचे ठिकाण. माणूस आयुष्यभर एका काउंटीत राहिला आणि शेजारच्या काउंटीतल्या इस्पितळात वारला, तर नोंद शेजारच्या काउंटीत होते. शोध घेणाऱ्यांची बरीच पत्रे इथेच चुकीच्या पत्त्यावर जातात.

राज्य पातळीवरची मृत्यू नोंदणी मॅसॅच्युसेट्सने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केली. केंद्र सरकारने १८८० मध्ये भरवशाची नोंदणी करणाऱ्या प्रदेशांची यादी केली, तेव्हा तीत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सी ही दोनच राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि काही शहरे बसली. सगळी राज्ये यादीत यायला १९३३ साल उजाडले. टेक्सास सर्वांत शेवटी आले. या मधल्या काळात मृत्यूची दखल सरकारदरबारी घेतली जात असेल तर ती बहुतेक ठिकाणी काउंटीतच. म्हणून जुन्या नोंदीसाठी काउंटीला पर्याय नसतो, आणि त्या नोंदी विरळ असतात तेही याच कारणाने.

ओहायोचे उदाहरण घेतले की हा गुंता नीट उलगडतो. तिथे १८६७ पासून २० डिसेंबर १९०८ पर्यंत मृत्यूच्या नोंदी काउंटीच्या प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रे आणि वारसा पाहणाऱ्या न्यायालयात होत. त्या दिवसापासून राज्याची नोंदणी सुरू झाली आणि काम प्रोबेट कोर्टाकडून निघाले. एकाच घरातला आजोबा १९०७ मध्ये आणि आजी १९०९ मध्ये गेली असेल, तर दोघांची नोंद दोन वेगवेगळ्या यंत्रणांत शोधावी लागते. आज अलीकडचा दाखला हवा असल्यास मृत्यू जिथे झाला तिथल्या स्थानिक आरोग्य विभागात जायचे. पेनसिल्व्हेनियात हेच काम १८९३ ते १९०५ या काळात काउंटीच्या मृत्युपत्र निबंधकाकडे होते आणि १९०६ पासून राज्याने घेतले. व्हर्जिनियात तर १८९६ ते १९१२ या काळात सक्तीची राज्यव्यापी नोंदणीच नव्हती. त्या सोळा वर्षांसाठी चर्चची दप्तरे, दफनभूमीच्या वह्या आणि वर्तमानपत्रे चाळावी लागतात.

मिशिगनमध्ये १८६७ ते १८९७ अशी तीस वर्षे मृत्यूची खबर मृत्यूच्या वेळी घेतलीच जात नव्हती. करआकारणीचे काम पाहणारा गावचा अधिकारी वर्षातून एकदा घरोघर जाई, गेल्या वर्षी घरात कोण वारले ते विचारी आणि यादी काउंटी क्लार्ककडे, म्हणजे काउंटीचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवी. मधल्या महिन्यांत बिऱ्हाड दुसरीकडे गेले असेल, तर त्या घरातला मृत्यू कागदावर आलाच नाही. या वह्यांतली एक नोंद म्हणजे दोन पानांवर पसरलेली एक आडवी ओळ. नाव, मृत्यूची तारीख, स्त्री की पुरुष, वर्ण, विवाहित की अविवाहित, वय, मृत्यूचे ठिकाण, कारण, जन्मस्थान, व्यवसाय, आईबापांची नावे. कारणाच्या रकान्यात क्षय आणि जलोदर वारंवार येतात. म्हाताऱ्या माणसापुढे नुसते ‘वार्धक्य’ आणि तान्ह्या मुलापुढे ‘दात येणे’ असेही लिहिलेले सापडते. डॉक्टरची सही नाही, तिऱ्हाईत कारकुनाने ऐकून लिहिलेले स्पेलिंग, आणि आईबापांच्या रकान्यात पुष्कळदा ‘माहीत नाही’. तरीही अनेक कुटुंबांसाठी एखाद्या पूर्वजाचा सरकारी कागदावरचा हा एकमेव उल्लेख असतो, आणि नुसत्या तारखेपेक्षा त्या ओळीतून घराची परिस्थिती कितीतरी जास्त कळते.

वह्या जळाल्या तर उपाय नाही. १८७१ च्या आगीत शिकागोचे, म्हणजे कुक काउंटीचे दप्तर गेले. ओहायोतल्या सिनसिनाटीत १८८४ च्या दंगलीत जमावाने कोर्टाची इमारत पेटवली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बहुतेक नोंदी १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत नाहीशा झाल्या. वंशावळीचे अभ्यासक अशा काउंट्यांना सरळ ‘जळालेल्या काउंट्या’ म्हणतात.

काही ठिकाणी काउंटीचा संबंधच येत नाही. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, र्‍होड आयलंड या राज्यांत नोंद गावाच्या किंवा शहराच्या क्लार्ककडे असते. कनेटिकटने तर काउंटीचे शासनच १९६० मध्ये मोडीत काढले. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. न्यूयॉर्क शहराचे पाचही भाग कागदोपत्री काउंट्या आहेत, पण मृत्यूचा दाखला देते ते शहराचे आरोग्य खाते, आणि १९४८ पर्यंतचे दाखले शहराच्या पुराभिलेखागारात आहेत.

आजचा दाखला तयार होतो तो असा. फ्युनरल होमचा, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेचा संचालक घरच्यांकडून मृताची वैयक्तिक माहिती घेतो, मृत्यूचे कारण डॉक्टर भरतो आणि कागद स्थानिक निबंधकाकडे जातो. आता हे बहुतेक ठिकाणी संगणकावर होते. मृत्यू अचानक, अपघाती किंवा संशयास्पद असेल तर कारण कॉरोनर किंवा मेडिकल एक्झामिनर ठरवतो. मेडिकल एक्झामिनर हा नेमलेला डॉक्टर असतो. कॉरोनर मात्र बऱ्याच काउंट्यांत मतदानाने निवडून येतो, त्याने डॉक्टर असलेच पाहिजे असे नाही, आणि कॅलिफोर्नियाच्या अनेक काउंट्यांत शेरीफच, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुखच कॉरोनर असतो. मृत्यूचे कारण ठरवण्याचे काम निवडणुकीवर सोडण्याची ही प्रथा भारतीय वाचकाला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतही तिच्यावर टीका जुनीच आहे. चाचण्यांचे निकाल यायचे असतील तर कारणापुढे ‘प्रलंबित’ असा शेरा मारून दाखला दिला जातो. तो घेऊन दफन-दहन उरकता येते, विम्याचा दावा मात्र अनेकदा अडतो.

नक्कल कोणाला मिळते, यातही राज्याराज्यांत तफावत आहे. ओहायोत मृत्यूची नोंद सार्वजनिक आहे. फी भरणाऱ्या कोणालाही नक्कल मिळते. फ्लोरिडात दाखला कोणीही मागू शकतो, पण मृत्यूचे कारण पन्नास वर्षे गोपनीय राहते आणि ते फक्त जवळच्या नातेवाइकांना किंवा हितसंबंध असलेल्यांना दिसते. कॅलिफोर्नियात नकला दोन प्रकारच्या. अधिकृत नक्कल जोडीदार, आईवडील, मुले, भावंडे, वकील अशा कायद्याने ठरवलेल्या व्यक्तींनाच मिळते आणि टपालाने मागवायची तर शपथेवरचे निवेदन नोटरीसमोर सही करून जोडावे लागते. बाकीच्यांना माहितीपुरती नक्कल मिळते. तिच्यावर, ओळख सिद्ध करण्यासाठी हा कागद ग्राह्य नाही, असे ठळक छापलेले असते. बँक आणि विमा कंपनीला ती चालत नाही, वंशावळ लिहिणाऱ्याला पुरेशी होते. याच राज्यात अलीकडचे मृत्यू साधारणपणे काउंटीच्या आरोग्य विभागाकडे आणि त्याआधीचे काउंटी रेकॉर्डरकडे मिळतात.

अर्जात पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, गाव आणि अर्जदाराचे नाते एवढे लागतेच. तारीख नक्की नसेल तर काही कार्यालये ठरावीक वर्षांचा शोध घेऊन देतात. नोंद सापडली नाही तरी शोधाची फी बहुधा परत मिळत नाही आणि हातात येते ते ‘नोंद आढळली नाही’ असे प्रमाणपत्र. तेही टाकाऊ नाही. जुन्या मालमत्तेच्या प्रकरणांत ते पुरावा म्हणून चालते. नुकत्याच झालेल्या मृत्यूच्या बाबतीत काउंटीत खेटे घालण्यापेक्षा फ्युनरल होमकडूनच सुरुवातीला जास्त नकला मागवणे सोयीचे. बँक, विमा, पेन्शन, घर अशी प्रत्येक संस्था आपली वेगळी मूळ नक्कल मागते.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हा कागद भारतातही दाखवावा लागतो. अस्थी आणताना डेथ सर्टिफिकेट आणि दहनाचा दाखला सोबत असावा लागतो. मृत व्यक्ती भारतीय नागरिक असेल तर वाणिज्य दूतावासात मृत्यूची नोंद आणि पासपोर्ट रद्द करणे हे काम असते. पुढे गावच्या सात-बाऱ्यावर वारस नोंद, हाउसिंग सोसायटीतला फ्लॅट, बँकेतली ठेव यांसाठी तोच दाखला अपोस्टिलसह, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी शिक्क्यासह मागतात. अपोस्टिल कराराचे देश एकमेकांचे सरकारी कागद दूतावासाच्या शिक्क्याशिवाय मान्य करतात. भारत या करारात २००५ पासून आहे. अपोस्टिलचा शिक्का ज्या राज्याने दाखला दिला त्याच राज्याकडून, बहुतेक ठिकाणी त्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून (हा राज्याचा अधिकारी, देशाचा परराष्ट्रमंत्री नव्हे) घ्यायचा असतो. कागद वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे पाठवला तर तो तसाच परत येतो. झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून काम भागत नाही, मूळ प्रमाणित नक्कल लागते. काही ठिकाणी स्थानिक अधिकाऱ्याची सही आधी काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते. न्यूयॉर्क शहरात दाखला काउंटी देत नसली तरी या टप्प्यावर काउंटी क्लार्कची पायरी चढावीच लागते.

मराठी नावे या फॉर्ममध्ये हमखास अडखळतात. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधल्या नावाच्या रकान्यात जाते, कधी नुसते आद्याक्षर उरते, आणि पासपोर्ट, दाखला व सात-बारा या तिन्हींवर एकाच माणसाची तीन नावे होतात. फॉर्म मृताच्या आईचे लग्नाआधीचे नाव विचारतो. लग्नात नाव-आडनाव दोन्ही बदललेल्या आजीचे माहेरचे नाव तिच्या अमेरिकेतल्या नातवाला ऐन वेळी आठवतेच असे नाही, म्हणून तो आठवेल ते सांगून मोकळा होतो. दाखला मृत्यूच्या तारखेबद्दल विश्वासार्ह असतो. जन्म आणि आईबाप यांबद्दल तो माहिती देणाऱ्याच्या आठवणीइतकाच खरा. चूक निघाली तर काउंटीचा कारकून ती खिडकीवर खोडून देत नाही. वैयक्तिक तपशिलाची दुरुस्ती प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडून होते आणि बऱ्याच राज्यांत ती राज्याच्या कार्यालयाकडूनच करून घ्यावी लागते. कारणाची दुरुस्ती ज्याने ते लिहिले त्या डॉक्टरने किंवा कॉरोनरनेच करायची. अपोस्टिल दुरुस्तीनंतरच्या नकलेवर घ्यावे, नाहीतर तो खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.